दगड आपल्याच जमिनीचा

पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर. कुठल्याही शहराबाहेरच्या नव्या प्लॉटवर बंगल्याचा पाया खणायला घेतला की वीतभर माती, हात-दोन हात मुरूम आणि त्याखाली दगड लागतो. पोकलेनला ब्रेकर लावून तो फोडतात, डंपरमध्ये भरतात आणि लांब कुठल्या तरी खड्ड्यात नेऊन ओततात. फोडण्याचे आणि नेण्याचे पैसे घरमालक भरतो. वर्ष-दीड वर्षाने घर उभे राहते, वास्तुशांत होते, बागेचे काम निघते आणि तोच घरमालक नर्सरीत जाऊन दूरच्या राज्यातून आलेले पांढरे, पॉलिश केलेले गोटे किलोच्या भावाने विकत घेतो. पैसे दोनदा जातात आणि त्या जमिनीचा स्वतःचा दगडही जातो.

तो दगड वाचावा म्हणून हे पुस्तक लिहिले आहे. घराभोवतीच्या बागेला लागणारा बहुतेक दगड त्या घराच्या खोदाईतच निघतो. तो ओळखावा, निवडून बाजूला ठेवावा आणि घर झाल्यावर जमिनीत नीट रुतवून लावावा. असे केले तर बागेची माती जागेवर राहते, पाणी कमी लागते, आणि कुठली नदी किंवा कोकणातला कुठला कातळसडा आपल्या हौसेसाठी ओरबाडला जात नाही. पुढची सगळी प्रकरणे या एका आग्रहातून आली आहेत. प्रस्तावनेत त्यामागचा विचार सविस्तर मांडतो.

महाराष्ट्रात दगडाची गोष्ट निघाली की आधी लाव्ह्याकडे जावे लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला. आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचा प्रदेश या थरांखाली आहे. सह्याद्रीच्या बाजूला त्यांची एकत्र जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. खंडाळ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात समोरच्या डोंगरावर आडव्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. वेरूळचे कैलास लेणे यातच कोरले, रायगडाचे कडे याचेच आणि आपल्या प्लॉटवर ब्रेकरखाली ठणठणणारा दगडही हाच.

मात्र नुसते ‘काळा दगड’ म्हणून भागत नाही. थराच्या पोटातला दगड घट्ट, जड आणि बारीक कणांचा असतो, तो पाषाण. थराच्या माथ्याकडे लाव्ह्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकला, त्या पोकळ्यांत पुढे पांढरी-हिरवी खनिजे भरली; तो मांजऱ्या. दोन थरांच्या मध्ये कधी विटकरी रंगाचा मऊ पट्टा लागतो. आणि हे सगळे ऊनपाण्याने कुजून भुसभुशीत झाले की मुरूम. विहिरी खणणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो, कारण पाणी कुठे लागणार ते त्यावर ठरते. बाग करणाऱ्यालाही तो यायला हवा. पाषाण उन्हापावसात पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, म्हणून पायऱ्या, बांध आणि बसायची शिळा त्याचीच करावी. मांजऱ्या पाणी धरतो, त्याच्या छिद्रांत शेवाळ आणि नेचे लवकर बसतात, पण वजन येणाऱ्या जागी तो लावू नये. त्याच्या कडा काही वर्षांत सुटायला लागतात.

माझ्या मते खोदाईतला सर्वांत मोलाचा दगड मुरमात मिळतो, आणि नेमका तोच डबर म्हणून आधी फेकला जातो. लाव्हा थंड होताना त्याला भेगा पडल्या, ठोकळे सुटे झाले, भेगांतून पाणी शिरले. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी काम करते, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट अंगावर एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा गोल होत जातो. बाहेरचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात आणि मध्ये घट्ट गाभा उरतो. घाटरस्त्यासाठी डोंगर नुकताच कापलेला असेल तिथे हे उभ्या छेदात स्पष्ट दिसते: तपकिरी मुरूम आणि त्यात ठिकठिकाणी बसलेले काळे गोल धोंडे. पोकलेनचा दात लागला की हे गाभे आपसूक सुटून येतात. ते फोडावे लागत नाहीत, त्यांच्या अंगावर ब्रेकरचे पांढरे ओरखडे नसतात, आणि हजारो वर्षे मातीत राहून त्यांना जो तपकिरी रंग चढलेला असतो तो ताज्या फोडलेल्या दगडाला आपल्या हयातीत येत नाही. पोकलेनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचे आणि खोदाई चालू असताना स्वतः उभे राहायचे, एवढीच किंमत. गोल धोंडे एका बाजूला, मोठ्या चपट्या फोडी दुसऱ्या बाजूला, उरलेला डबर वाटांच्या सोलिंगला.

मांजऱ्या फुटला की कधी कधी पोकळीत स्फटिक चमकताना दिसतात. स्टिल्बाइट, अपोफायलाइट ही त्यांतली नेहमीची नावे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, आणि सिन्नरचे गारगोटी संग्रहालय अशा खनिजांसाठी मुद्दाम जाऊन पाहावे असे आहे. प्लॉटवर असा दगड निघाला तर बागेत लावू नका. ही खनिजे बहुतेक मऊ असतात, पावसात आणि पायाखाली त्यांची रया जाते. घरात ठेवा.

घाट उतरला की दगड बदलतो. कोकणात आणि गोव्यात जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशाने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदवले की खाणीतून काढताना तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवेत राहिला की कठीण होतो. कोकणातल्या माणसाला हे कुणी सांगावे लागत नाही. चिरा पाडायचा तो ओला असताना आणि लावायचा तो वाळल्यावर, हे तिथे सगळे जाणतात. पाचगणीचे टेबललँड आणि कासचे पठार यांच्या माथ्यावरही जांभाच आहे. बागेच्या दृष्टीने जांभ्याचे वागणे पाषाणापेक्षा अगदी वेगळे. तो पाणी पितो, पहिल्याच पावसात हिरवा होतो, त्याच्या भोकांत नेच्यांचे बी आपोआप पडते. त्याची गोल शिळा क्वचित मिळते, पण गडगा त्याचाच शोभतो. चुना-सिमेंटाशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेले हे गडगे कोकणात आगरांभोवती असतात. त्यांतून पाणी झिरपून जाते, म्हणून मुसळधार पावसात ते ढासळत नाहीत. सिमेंटची भिंत मात्र पाणी अडवते आणि मागच्या दाबाने फुगते. पैसे खर्चून गडगा पाडायचा आणि तिथे प्लास्टर केलेले कंपाउंड बांधायचे, हे अलीकडे गावोगाव दिसते. मला त्याचे फार वाईट वाटते.

काळा दगड आणि जांभा एकत्र लावावा का, असे बरेच जण विचारतात. जुन्या घरांनी याचे उत्तर दिलेले आहे. जांभ्याच्या जोत्याला पायरी काळ्या दगडाची असते, कारण पायरी झिजते. कामासाठी दोन दगड एकत्र आले तर डोळ्याला खुपत नाहीत. नुसते रंग म्हणून शेजारी मांडले तर दोन्ही उपरे वाटतात.

आता दगड कुठून आणू नये ते. याबाबत मी कडक आहे.

कोकणातल्या सड्यावर सुटे पडलेले दगड पाहिले की ते कुणाचेच नाहीत असे वाटते. उन्हाळ्यात सडा ओसाड दिसतो, म्हणून ट्रॅक्टर घेऊन जाणाऱ्यालाही आपण काही बिघडवतो आहोत असे वाटत नाही. पण उघड्या कातळावर सावली आणि ओल राहते ती फक्त या दगडांच्या खाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून १९६३ साली एका छोट्या पालीची शास्त्रीय नोंद झाली. अंगावर पांढरे पट्टे असलेली ही पाल दिवसा या सुट्या दगडांखालीच राहते आणि जगात तिचा पसारा कोकणाच्या सड्यांपुरता आहे. विंचू, बेडूक, गोमा, कोळी असे कितीतरी जीव तिच्या शेजारी असतात. पावसाळ्यात त्याच सड्यावर सीतेची आसवे आणि गेंद फुलतात. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ अशा ठिकाणची कातळशिल्पे याच सड्यांवर कोरलेली आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीचा अवाढव्य हत्ती ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. सड्यावरचा एकही दगड घरच्या बागेसाठी उचलू नये.

नदीतल्या गोट्यांचेही तेच. कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे पाण्याच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनीच कोरले. नदीच्या तळाचे दगड हे नदीचे अवजार आहे आणि माशांचे घरही. कित्येक मासे अंडी घालतात ती गोट्यांच्या खाचांत. एका बंगल्यासाठी एक टेम्पो गोटे काढल्याने नदी मरत नाही, हे खरे. पण एकच बंगला बांधला जात असतो असे कुठे आहे?

आणखी एक गोष्ट चालते, तिचा उल्लेख करायलाच हवा. जुन्या देवळापाशी, गावकुसाबाहेर, शेताच्या बांधावर वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ असे जुने कोरीव दगड पडलेले असतात. निम्मे मातीत, चेहरे झिजलेले. हौशी माणसे ते उचलून फार्महाउसच्या हिरवळीवर उभे करतात. शंभर वर्षांहून जुने कोरीव शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, हा झाला एक भाग. त्याहून मोठा भाग असा की वीरगळ ज्या जागी उभा केला त्या जागेचा तो पुरावा असतो. या गावात गुरे वळवून नेली गेली, इथे कुणी लढून मेला, हे त्याच्या कोरीव कामाइतकेच त्याची जागाही सांगते. जागा सुटली की अभ्यासकाच्या हातात नुसते शिल्प राहते. विकत घेतलेल्या जमिनीत असा दगड सापडला तर आहे तिथेच ठेवून तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावण्याआधी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. तो कुणाचा तरी म्हसोबा असतो.

स्वतःच्या खोदाईत पुरेसा दगड नाही निघाला तर शेजारच्या बांधकामावर विचारा, तिथला डंपर तसाही खड्ड्याकडेच निघालेला असतो. जुना वाडा पाडला जात असेल तर जोत्याचे घडीव दगड मिळतात, त्यांच्यासारखी पायरी नव्याने घडवून घेणे आता फार महाग झाले आहे. नाहीतर परवाना असलेली खाण. दगड आणि मुरूम ही गौण खनिजे आहेत. त्यांवर स्वामित्वधन असते आणि वाहतुकीला परवाना लागतो. पावती मागून घ्यावी.

लावण्याचे काम एका दगडावरून समजून घेऊ. मुरमातून निघालेला धोंडा, अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. गोलाई धरली तर चार-पाच घनफूट भरेल. अखंड काळ्या पाषाणाचे वजन घनमीटरला पावणेतीन ते तीन टन असते, म्हणजे हा धोंडा सव्वातीनशे ते चारशे किलोंचा. चार माणसे, दोन पहारी, लाकडी ओंडके, जाड दोर, आणि जमत असेल तर तिपाईला टांगलेला चेन-ब्लॉक. जेसीबीने धोंडा जागेपर्यंत आणता येतो, पण बसवायचा तो हाताने, कारण शेवटच्या चार बोटांचे फिरवणे यंत्राला जमत नाही.

आधी धोंडा नुसता पाहायचा. चारी बाजूंनी, सकाळी एकदा आणि कलत्या उन्हात एकदा. त्याला एक तोंड असते, म्हणजे ज्या बाजूने पाहिले की तो पुरा वाटतो ती बाजू. ते तोंड कुठे करायचे हे घरातली माणसे कुठे बसतात त्यावर ठरते. ओट्यावर, झोपाळ्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून पाहावे. रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी दगड लावू नये. मग धोंड्याची सर्वांत रुंद रेघ शोधायची. ती रेघ जमिनीच्या थोडी खाली गेली पाहिजे. धोंडा रुंद रेघेच्या खाली उघडा राहिला की तो कुणीतरी आणून टाकल्यासारखा दिसतो. रेघ मातीआड गेली की पाहणाऱ्याला वाटते खाली अजून बराच दगड आहे.

म्हणून खड्डा निदान उंचीच्या एक-तृतीयांश, म्हणजे या धोंड्याला अर्धा फूट. पण जमीन काळी असेल तर एवढ्याने भागत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात. नुसत्या काळ्या मातीवर बसवलेला धोंडा दोन पावसाळ्यांत कलतो. तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जावे, नाहीतर जास्त खोल खणून तळाला मुरूम आणि खडी ठोकून भरावी. मग धोंडा सोडायचा. तो कधीच पहिल्यांदा नीट बसत नाही. पहार घालून उचलायचा, खालची माती खरवडायची, पुन्हा सोडायचा. हे करताना मिस्त्रीच्या घाईला बळी पडू नये. “मामा, अजून दोन बोटं खाली जाऊ द्या,” असे चार वेळा म्हणायची तयारी ठेवावी. बसला असे वाटले की खालच्या फटींत चिपा ठोकायच्या, कडेने माती भरून पहारीच्या बोथट टोकाने ठासायची, पाणी ओतायचे, पुन्हा ठासायची. शेवटी वर उभे राहून वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकून पाहायचे. जराही डुगडुगला तर चीप काढून पुन्हा. मुले त्यावर उड्या मारणार आहेतच.

शेजारचे दगड लावताना अंगावरच्या रेघा पाहाव्यात. पाषाणाला भेगांची एक दिशा असते. सगळ्या दगडांत ती साधारण एकाच बाजूला झुकली तर ते एकाच कातळाचे भाग वाटतात, नाहीतर पसारा. एक मोठा, त्याच्या कुशीत एक मध्यम, आणि थोड्या अंतरावर जेमतेम डोके वर काढलेला एखादा लहान, इतके पुरते. कंपाउंडच्या कडेने सारख्या मापाचे धोंडे ओळीने मांडून त्यांना चुना फासण्याची पद्धत सरकारी आवारांतून घरांत आली असावी. दगड दगडासारखा दिसायला हवा असेल तर ती सोडून द्यावी.

दगड लावण्याचा सर्वांत खोल विचार जपानने केला, हे मान्य करायला हवे. अकराव्या शतकातला ‘साकुतेइकी’ हा बागरचनेचा ग्रंथ सुरूच होतो दगड मांडण्यापासून. निसर्गात आडवा असलेला दगड उभा करू नये आणि उभा असलेला आडवा पाडू नये, असे त्यात बजावलेले आहे. क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिराच्या बागेत वाळूवर पंधरा दगड आहेत आणि ओसरीवर कुठेही बसले तरी एखादा नजरेआड राहतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून प्रेरणा घेऊन केले आहे. पाण्याच्या काठाला दगड कसा भिडतो हे शिकण्यासाठी तिथे एखादी सकाळ घालवावी. शिकावे ते मांडण्याचे शिस्तशीर भान. वाळूवर दंताळ्याने रेषा ओढण्याची नक्कल आपल्याकडे टिकत नाही. जूनचा पहिला वळीव त्या रेषा धुऊन नेतो, आणि वाळू उपसण्याने आपल्या नद्यांचे जे झाले आहे ते पाहता घरातल्या रेषांसाठी वाळू आणूच नये.

आपल्याकडे दगडाने आधी काम करावे. उतारावर आडवा बांध घातला की धुपणारी माती अडते. सह्याद्रीतल्या शेतांच्या ताली हेच करतात. घरच्या बागेत फूट-दीड फुटाचा रचीव बांध पुरतो; प्रत्येक थर किंचित मागे, फुटाला दोन इंच, आणि मागे खडीचा भराव. तीन फुटांपेक्षा उंच बांध लागत असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे जमिनीला चर पडतो आणि भिंतीवर चिखल उडतो. त्या रेषेत खोदाईतल्याच फोडी हात-हातभर रुंदीत पसरल्या की चर थांबतो, भिंत स्वच्छ राहते आणि पाणी जागेवर मुरते. झाडाच्या आळ्यात पसरलेले दगड ओल टिकवतात, मात्र खोडाला टेकवू नयेत. संगमरवराची खडी आळ्यात तर नकोच. ती चुनखडीच असते, देशावरची काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात तिची भर पडली की अनंत आणि एक्झोरा यांची पाने पिवळी पडायला लागतात.

उन्हाचा विचार आधीच करावा. काळा पाषाण दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सोडत राहतो. पश्चिमेच्या भिंतीलगत मोठ्या शिळा लावल्या तर वैशाखात त्या खोलीत रात्री दहापर्यंत झळ येते. शिळा झाडाच्या सावलीत, नाहीतर पूर्वेला. बसायची शिळा कडुनिंबाखाली किंवा बकुळीखाली असावी, म्हणजे चैत्रातही तिच्यावर दुपारी टेकता येते.

आणि विंचू, साप. हा प्रश्न घरातली आजी विचारते, आणि तो बरोबर आहे. कोकणात तांबडा विंचू आणि फुरसे, देशावर घोणस. सगळ्यांना दगडांमधली कोरडी पोकळी आवडते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू फार कमी करून दाखवले, तरी दंश टाळणे आपल्या हातात आहे. रुतवलेल्या, चिपा ठोकून माती ठासलेल्या धोंड्याखाली पोकळी राहत नाही. धोका असतो तो नुसत्या ढिगात. उरलेला डबर दाराशी रचून ठेवू नये, बांध घरापासून थोडा लांब घ्यावा, मुलांना उघड्या हाताने दगड उलटू देऊ नये. बागेच्या लांबच्या कोपऱ्यात मात्र एक ढीग मुद्दाम असावा. सापसुरळ्या आणि भेक तिथे राहतात आणि त्यांचा मोबदला किडे खाऊन देतात.

काही वर्षांनी धोंड्याच्या उत्तरेकडच्या अंगावर राखाडी-हिरवे गोल डाग येतात. ते दगडफूल, गोड्या मसाल्यात पडते ते याच जातकुळीतले. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून हा जीव बनतो, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतो आणि खराब हवेत तग धरत नाही. घासून काढू नये. धोंडा लवकर जुना दिसावा म्हणून ताक किंवा शेणकाला फासतात. माझा अनुभव असा की पाऊस जे करायचे ते करतोच. लागवडीसाठी मातीच्या आणि दगडाच्या सांध्यात तेरडा, कोरफड, पानफुटी, सोनकी लावावी. शिंदळ माकुडी मिळाली तर जरूर लावावी. शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या जागी कड्यांच्या फटीत वाढणारी ही मांसल वनस्पती, तिला पिवळे ठिपके असलेली गडद तांबडी चांदणीच्या आकाराची फुले येतात. फांदीपासून ती सहज रुजते, म्हणून रोपवाटिकेतून किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यावी. गडावरून तोडू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे, पण त्यातली एक गोष्ट इथेच सांगतो. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वजन धरून केलेला असतो. वर वर्णन केलेला एक धोंडा अर्ध्या चौरस मीटरवर साडेतीनशे किलो टाकतो. गच्चीवर खरा धोंडा ठेवू नये. फायबरचा पोकळ धोंडाही ठेवू नये, तो दोन उन्हाळ्यांत फिका पडतो. चपट्या पातळ फोडी पसरून त्यांच्यामध्ये कुंड्या ठेवाव्यात.

शेवटी मजुरीबद्दल. दगडाचा बाजार ब्रासवर चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि बांधकामातले गडीही ब्रासवर किंवा ठोक दराने काम घेतात. बागेचा दगड तसा देऊ नये. ब्रासवर घेतलेल्या माणसाला धोंडा पुन्हा उचलणे परवडत नाही, आणि पुन्हा उचलल्याशिवाय धोंडा बसत नाही. रोजावर बोलवावे, दिवसाला दोन-तीनच धोंडे होतील हे आधी कबूल करावे. शक्यतो वडार किंवा पाथरवट घराण्यातला माणूस शोधावा. दगडाला घण कुठे मारला की तो कुठे फुटेल, हे त्यांना अंगावरची रेघ पाहून कळते. या पुस्तकातल्या उपयोगी सूचना बहुतांशी अशाच माणसांच्या शेजारी उभे राहून मिळालेल्या आहेत. त्यांच्यासाठी हातमोजे, कडक बूट आणि फोडताना डोळ्यांना चष्मा घरमालकाने आणून ठेवावा, उन्हाच्या वेळी काम थांबवावे, आणि रोजंदारी त्याच संध्याकाळी हातात द्यावी.